वाफ्याच्या कडेला कोणती वीट?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

महाराष्ट्रात कुठंही जा. जिल्हा परिषदेची शाळा असो, पोलीस लाइन असो, सरकारी विश्रामगृह असो की एसटी स्टँडमधला झेंड्याचा कट्टा असो, फुलझाडांच्या वाफ्याभोवती एक नक्षी तुम्हाला हमखास दिसेल. जमिनीत तिरप्या रोवलेल्या विटा, एकीच्या खांद्यावर दुसरी रेललेली, अंगाला गेरू आणि टोकांना चुना. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आली की त्यांच्यावर पुन्हा एकदा रंगाचा हात फिरतो. दिसायला छान दिसतं. पण जरा वाकून बघितलंत तर दर पाच-सात विटांमागं एकीचं टोक उडालेलं असतं, एखादीचा पापुद्रा निघालेला असतो आणि एखादीच्या जागी नुसता लाल भुगा उरलेला असतो.

गेली वीस-बावीस वर्षं मी लोकांना घरच्या बागा आखून देते. बंगल्याचं अंगण, सोसायटीची मोकळी पट्टी, शाळेची परसबाग, असं सगळं. या कामात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "वाफ्याला विटांची कड करायची आहे, किती विटा आणू?" मी दरवेळी सांगते, किती ते नंतर बघू, आधी कुठली वीट ते ठरवू. कारण घर बांधायला चांगली असलेली वीट वाफ्याच्या कडेला चांगली निघेलच असं नाही. आज मला तेवढीच एक गोष्ट तुमच्यासमोर नीट उलगडून सांगायची आहे.

आधी कड हवीच कशाला ते पाहू. बागेतली चांगली माती काही आकाशातून पडत नाही. आपण शेणखत घालतो, पालापाचोळा कुजवतो, दोन-चार वर्षं खपतो, तेव्हा कुठं वरचा वीतभर थर भुसभुशीत होतो. पुण्याला वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात अडीच-तीन हजारांच्या घरात. आणि हा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उघड्या वाफ्यावर जूनची पहिली जोरदार सर आली की सगळ्यात आधी वाहून जातो तो हाच वरचा, खतानं भरलेला थर. गटाराच्या तोंडाशी जो काळा गाळ साठतो ना, तो आपला दोन वर्षांचा घाम असतो. कड ही माती अडवते. शिवाय हिरवळीतली हरळी वाफ्यात शिरायला थोडा वेळ लावते, आणि पाय कुठं ठेवायचा आणि कुठं नाही हे मुलांना, पाहुण्यांना न सांगता कळतं.

आता विटेकडे वळू. जुन्या पुण्यातले, वाईतले, नाशिकातले वाडे आठवा. वाड्याचं जोतं दगडी असतं. घडीव काळा दगड कमरेपर्यंत, कधी त्याहून वर, आणि त्यानंतर मग विटांचं बांधकाम. यात ऐट होती, तसा हिशेबही होता. आपला काळा दगड जमिनीतलं पाणी फारसं ओढत नाही. वीट ओढते. विटेच्या अंगात बारीक बारीक छिद्रं असतात. दिव्याची वात जसं तेल वर खेचते तसं ही छिद्रं ओल वर खेचतात. म्हणून जाणत्या गवंड्यानं वीट जमिनीपासून लांब ठेवली. वाफ्याच्या कडेला आपण नेमकं उलटं करतो. वीट थेट मातीत रोवतो, अर्धी आत, अर्धी बाहेर. एका बाजूला रोज पाणी घातलेला वाफा, दुसऱ्या बाजूला ऊन. भिंतीतल्या विटेच्या नशिबी असे हाल कधी येत नाहीत.

या विटेचं पुढं काय होतं ते पाहा. मातीतलं पाणी विटेत शिरतं. त्या पाण्यात क्षार असतात. काही मातीतले, काही बोअरच्या पाण्यातले, काही आपण टाकलेल्या खतातले. पाणी वर चढतं, उघड्या भागातून उडून जातं आणि क्षार मात्र विटेतच राहतात. ते पृष्ठभागाच्या आतल्या बाजूला खड्यांसारखे साठतात, फुगतात आणि विटेचा पापुद्रा सोडवतात. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. म्हणून तुम्ही बघाल, कडेची वीट बहुधा जमिनीच्या रेषेच्या बोट-दोन बोट वर खाल्ली जाते. जमिनीतला भाग धड असतो, टोकही धड असतं आणि मधेच कंबर झिजलेली. गेरू आणि चुना निदान हवा खेळू देतात. त्यावर ऑइलपेंट फासला तर ओल आत कोंडते आणि रंगासकट पापुद्रा सुटून येतो.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये तुमचं कुणी असेल आणि तिथं बाग करत असेल, तर त्यांच्यापुढं आणखी एक संकट आहे. तिथं विटेत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, आणि गोठताना पाणी जवळपास नऊ टक्के फुगतं. त्यामुळं वीट आतून फुटते. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत विटेबद्दल जे इशारे असतात ते बरेचसे या गोठण्याबद्दलचे असतात. आपल्याकडे तो त्रास नाही. आपले शत्रू दोन: सततची ओल आणि क्षार. या दोघांपुढं टिकते ती कमी पाणी पिणारी वीट.

कमी पाणी पिणारी वीट ओळखायची कशी? त्यासाठी वीटभट्टीवर एक चक्कर मारायला हवी. आपल्याकडच्या गावठी भट्टीत कच्च्या विटांचा मोठा ढीग रचतात. मधे कोळसा, लाकूड, भाताचा तूस, उसाचं चिपाड, जिथं जे मिळेल ते जळण भरतात आणि पेटवून देतात. ढीग कित्येक दिवस धुमसत राहतो. पण सगळ्या विटांना सारखी आच लागत नाही. बाहेरच्या थरातल्या विटा अर्ध्याकच्च्या राहतात. त्या फिकट, पिवळसर लाल दिसतात आणि नखानं खरवडल्या तरी पीठ पडतं. मधल्या विटा बरोबर भाजतात. त्या छान लाल असतात आणि भिंतीसाठी त्यांचीच मागणी. आणि अगदी विस्तवाजवळच्या विटा जास्त भाजतात. त्यांच्यातली माती अर्धवट वितळून काचेसारखी होते. रंग काळपट-जांभळा आणि आकार थोडा वेडावाकडा. यांना खंगर म्हणतात.

गवंडी खंगर विटेला नाक मुरडतो. ती ओळीत नीट बसत नाही, तिला गिलावाही चांगला धरत नाही. म्हणून भट्टीवाला ती बाजूला टाकतो आणि बहुधा कमी भावात देतो. पण वाफ्याच्या कडेसाठी मला विचाराल तर माझी पहिली पसंती हलक्या खंगर विटेला. छिद्रं बुजलेली असल्यामुळं ती पाणी कमी पिते, लोणा सहसा लागत नाही आणि तिचा काळपट रंग हिरव्या झाडांखाली खुलून दिसतो. भिंतीत दोन सूत वाकडी वीट खटकते, बागेत खटकत नाही. फक्त फार वितळलेली, जाळीदार, दोन-तीन एकमेकींना चिकटलेली अशी घेऊ नका. ती ठिसूळ असते. रंग गडद पण आकार विटेचाच, अशी वेचून घ्या. खंगर मिळाली नाही तर पक्की भाजलेली लाल वीट. पिवळी वीट मात्र फुकट दिली तरी कडेला लावू नका.

दुकानदार सगळ्याच विटांना पक्की म्हणतो. तेव्हा चार परीक्षा घरीच घ्या. पहिली, दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर हलकेच आपटा. घंटेसारखा टणत्कार आला तर वीट भाजलेली आहे. बद्द आवाज आला तर कच्ची किंवा आतून तडकलेली. दुसरी, खिळ्यानं अंगावर रेघ ओढा. खोल चर पडता कामा नये. तिसरी, मीटरभर उंचीवरून घट्ट जमिनीवर सोडा. चांगली वीट फुटत नाही.

चौथी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला एक दिवस लागतो. कोरडी वीट वजन करा. शेजारच्या रद्दीवाल्याचा काटा चालेल. मग ती चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्यानं पुसा आणि पुन्हा वजन करा. भारतीय मानक ब्युरोचं विटांसाठीचं १०७७ क्रमांकाचं मानक आहे. त्यानुसार साध्या विटेनं आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये, आणि जास्त मजबूत वर्गातल्या विटेनं पंधरा टक्क्यांपेक्षा. म्हणजे वीट तीन किलोची असेल तर भिजल्यावर ती तीन किलो सहाशे ग्रॅमच्या आत हवी. ही झाली भिंतीची अट. वाफ्यासाठी मी पंधरा टक्क्यांची, म्हणजे तीन किलो साडेचारशे ग्रॅमची रेघ धरते. एका ढिगातल्या पाच-सहा विटा तपासल्या तरी त्या ढिगाचा अंदाज येतो.

या भिजवण्यात आणखी एक खोड उघडी पडते. काही ठिकाणच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. अशी वीट ओली झाली की चुना फुगतो आणि विटेच्या अंगावरून टवके उडतात. पाण्यातून काढल्यावर एक-दोन दिवस वीट तशीच ठेवा. अंगावर पांढरे ठिपके आणि त्याभोवती खळगे दिसले, तर तो ढीग नको.

आता इतर पर्याय. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा हल्ली सगळीकडे मिळतात. आपल्याकडे कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी अशा ठिकाणी राखेचे डोंगर तयार होतात. बांधकामात ही राख वापरावी म्हणून केंद्र सरकारनं १९९९ मध्ये पहिली अधिसूचना काढली आणि पुढं त्यात वेळोवेळी बदल झाले. या विटेसाठी शेताची माती खणावी लागत नाही आणि भट्टीही पेटवावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. आकारही एकसारखा. पण तिचे कोपरे लवकर उडतात, आणि सिमेंट किंवा चुन्यामुळं तिच्या लगतची माती काही काळ थोडी अल्कधर्मी होऊ शकते. शोभेच्या झाडांना हरकत नाही. आंबट माती आवडणारी झाडं मात्र कडेपासून लांब लावा. राखेची वीट घेतलीत तर तिला भिजवण्याची परीक्षा जरूर द्या. सगळ्या कारखान्यांचा माल सारखा नसतो.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी तर वीट शोधायला घाटावर येऊच नये. तुमच्या पायाखाली जांभा आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्या हवेत घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या संशोधकानं १८०७ मध्ये या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिलं ते 'लेटर' या लॅटिन शब्दावरून, आणि त्या शब्दाचा अर्थच वीट. जांभ्याच्या चिऱ्यातून पाणी झिरपतं, त्यावर शेवाळ धरतं, पण त्या पावसात तो पिढ्यानपिढ्या टिकलेला आहे. चिरा मोठा असतो, म्हणून कडेसाठी तुटके, अर्धे चिरे मागून घ्या.

आणि जुन्या विटा. सध्या गावोगावी जुनी घरं पाडून इमारती उठताहेत, आणि त्या घरांच्या विटा ट्रॉलीत भरून भरावाला जातात. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका पेठेतला वाडा पाडायला काढला होता. तिथल्या आजी नातवाच्या नव्या घरी राहायला जाणार होत्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, "अगं, माझ्या माजघराच्या भिंतीच्या विटा नातवाच्या अंगणात लावता येतील का गं? वाडा नाही राहिला, निदान तुळस तरी त्याच विटांत राहील." मी म्हटलं, "आजी, येतील, पण सगळ्या नाही येणार. मला निवडू द्या." माजघराच्या भिंतीतल्या बऱ्याच विटा मऊ होत्या. वर्षानुवर्षं कोरड्या राहिल्या म्हणून टिकल्या, वाफ्यात दोन पावसाळेही टिकल्या नसत्या. मागच्या विहिरीजवळच्या भिंतीतल्या मात्र खणखणीत वाजल्या. आजींना ते आधी रुचलं नाही. त्यांना माजघरच हवं होतं. मग आम्ही तोडगा काढला. कडेला विहिरीजवळच्या विटा, आणि माजघरातल्या निवडक विटा घरात, देवघराच्या कट्ट्याला, जिथं पाणी लागणार नाही.

जुन्या विटा घेताना एवढं बघा. चुन्यातलं बांधकाम असेल तर चुना हातोडीनं सहज झडतो आणि वीट मोकळी होते. सिमेंटमधलं असेल तर वीट फुटते, सिमेंट सुटत नाही. ऑइलपेंट लागलेल्या विटा भाजीच्या वाफ्याला वापरू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. संडास-बाथरूमच्या आणि गोठ्याच्या भिंतीच्या विटाही सोडा. त्या क्षारांनी भरलेल्या असतात, त्यांना लोणा लागणारच.

वीट ठरली की मग ती बसवायची कशी आणि किती लागतील. बाजारातली वीट साधारण तेवीस सेंटिमीटर लांब, अकरा रुंद आणि सात जाड धरू. थोडा फरक गावागावात असतो. वाफा धरू तीन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर रुंद. ही रुंदी मुद्दाम घेतली आहे. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. या वाफ्याचा घेर झाला ८.४ मीटर.

वीट लांबीच्या दिशेनं, अरुंद कडेवर उभी ठेवली तर सदतीस विटा लागतात. जमिनीत निम्मी, वर पाच-साडेपाच सेंटिमीटर. घरगुती फुलझाडांना एवढी उंची पुरते. तिरप्या करवती कडेला, रुंद बाजू समोर ठेवली तर चोपन्न. आणि सैनिकांसारख्या उभ्या, टोकावर रोवल्या तर सत्त्याहत्तर. या उभ्या विटेचं किमान अर्धं अंग, बारा सेंटिमीटर तरी, जमिनीत हवं. वाफा जमिनीपासून चांगला उंच करायचा असेल तरच तिचा खर्च करा. हिरवळीच्या कडेला मात्र वीट सपाट आडवी, हिरवळीच्या पातळीला बसवा. म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं चाक तिच्यावरून जातं. कुठल्याही प्रकाराला दहा टक्के विटा जास्त आणा, तुटतातच.

तिरप्या कडेवर माझा राग नाही, लहानपणापासूनची ओळख आहे. पण तिच्यात विटेचा सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे कोपरा, वर येतो आणि पाऊस, पाय, चेंडू सगळं तिथंच आपटतं. दोन विटांमधल्या खाचेत पाणी आणि माती साठते. पावसाळ्यात गोगलगाई तिथं लपतात आणि रात्री रोपं फस्त करतात. एक वीट निघाली की शेजारच्या कलंडतात. ती करायचीच असेल तर खंगर विटेचीच करा.

आता बसवण्याचं काम. दोरी ताणून आखणी करा. विटेचा जेवढा भाग आत जाणार त्यापेक्षा सहा-सात सेंटिमीटर जास्त खोल चर खणा. तळाशी मुरूम किंवा बारीक खडी टाकून धुम्मसानं ठोका, वर बोटभर वाळू किंवा कच पसरा आणि त्यावर वीट बसवा. रबरी हातोडी नसेल तर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. तळाच्या खडीमुळं पाणी विटेखाली साचत नाही, म्हणजे वीट रात्रंदिवस ओलीत उभी राहत नाही.

लोक विचारतात, सिमेंटमध्ये बसवू का? काळ्या मातीत माझं उत्तर 'नको' असतं. देशावरची, विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. त्या हालचालीत सिमेंटची कड तडकते आणि तडकली की मोठमोठे तुकडे निघतात. कोरडी, वाळूत बसवलेली कड मातीबरोबर हलते. मे महिन्यात एक दिवस दोरी लावून चार विटा सरळ केल्या की झालं. आणि सांध्यांतून जादा पाणीही निघून जातं. कोकणात तर दर मीटरला बोटभर फट मुद्दाम ठेवा, नाहीतर वाफ्याचा हौद होतो.

दोन ठिकाणी मात्र विटेची कड करण्याआधी दहा वेळा विचार करा. एक, मोठ्या झाडाभोवती. बुंध्याला चिकटून विटांचं कडं करायचं आणि आत माती भरायची, ही आपल्याकडे फार बोकाळलेली सवय. त्यानं बुंध्याची साल कुजते आणि मुळांचा श्वास कोंडतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. घरी आपण निदान तेवढं तरी अंतर पाळावं. विटा बुंध्यापासून मीटरभर लांब, सुट्या, आणि आत मातीचा ढीग न करता.

दुसरं ठिकाण गच्ची. गच्चीवर विटांची चौकट मांडून आत पालापाचोळा भरून भाजी करण्याची पद्धत चांगली आहे, अनेकांनी त्यात उत्तम भाजी काढली आहे. पण मातीचा वाफा केलात तर वजनाचा हिशेब करा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला सोळाशे-सतराशे किलो भरतं. म्हणजे एक फूट जाडीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास. आणि वावरायच्या गच्चीचा वरचा भार मानकानुसार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो धरलेला असतो. स्लॅबच्या मधोमध असा वाफा करणं म्हणजे खाली राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. अभियंत्याला विचारल्याशिवाय गच्चीवर विटा चढवू नका. तो 'नाही' म्हणाला तर कुंड्या आणि हलकं खतमिश्रण बरं.

शेवटी एक हिशेब राहिला. सत्त्याहत्तर विटा म्हणजे जवळपास दोनशे तीस किलो भाजलेली माती. ही माती कुणाच्या तरी शेतातून, नदीकाठच्या मळईतून आलेली असते. ती खणणारे, थापणारे, उन्हात वाळवणारे हात असतात. रायगड-ठाण्याच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर घरदार सोडून पावसाळ्यापर्यंत राबतात. आपल्या वाफ्यातली माती वाचवायला आपण दुसरीकडची माती भाजून आणतो. म्हणून आणलेली वीट तीन पावसाळ्यांत भुगा होऊन चालणार नाही. ती वीस वर्षं टिकली पाहिजे, आणि जितक्या कमी विटांत काम होईल तितक्यातच व्हायला पाहिजे. सदतीस विटांत होत असेल तर सत्त्याहत्तर कशाला?

तेव्हा बाग करायची असेल तर या उन्हाळ्यात, भट्ट्या चालू असतानाच, जवळच्या भट्टीवर स्वतः जा. लाल विटांचा रचलेला थर दाखवतील, तो बघा, पण बाजूला टाकलेला काळपट ढीगही दाखवायला सांगा. त्यातल्या दोन विटा उचला, एकमेकींवर वाजवा, आणि एक घरी आणून बादलीत बुडवा. जूनची पहिली सर यायच्या आत कड बसलेली असू द्या.